अमेरिकेतील छोट्या काउंटी-मुख्यालयाचा भूगोल आणि लोकसंख्या कशी मांडावी

अमेरिकेतील एखाद्या आडबाजूच्या गावाविषयी मराठीत लिहायला बसले की आकडे हवे तितके मिळतात, गाव मात्र हाती लागत नाही. क्षेत्रफळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, घरांची संख्या, मध्यक वय (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी माणसे येतात ते वय), दरडोई उत्पन्न ही माहिती एकाच साच्यात ओळीने मांडलेली असते, आणि ती तशीच मराठीत उतरवली तर नेब्रास्कातले गाव आणि जॉर्जियातले गाव यांच्यात नावापलीकडे फरक उरत नाही. अशा बऱ्याच नोंदी लिहिल्यानंतर, आणि त्यांतल्या काही पुन्हा लिहाव्या लागल्यानंतर, माझे मत असे झाले आहे की काउंटीच्या, म्हणजे राज्याच्या एका प्रशासकीय विभागाच्या, मुख्यालयाचा कोणताही आकडा एकटा वाचू नये. तो त्याच्या काउंटीच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा. हे कसे करायचे ते नेब्रास्का राज्यातील व्हॅलेंटाइन या गावाच्या उदाहरणाने येथे दाखवतो.

गाव नेमके कोणते आणि त्याचा दर्जा काय

पहिली पायरी ओळख पटवण्याची आहे. व्हॅलेंटाइन नावाचे गाव टेक्सासमध्येही आहे, परंतु ते कोणत्याही काउंटीचे मुख्यालय नाही. म्हणून गावाच्या नावासोबत राज्य आणि काउंटी यांची नावे प्रत्येक वेळी टिपून ठेवावीत. शक्य असल्यास जनगणनेचा सांकेतिक क्रमांकही लिहावा. नेब्रास्काचा क्रमांक ३१ आणि त्यातील चेरी काउंटीचा ०३१ आहे. नाव कोठून आले हेही याच वेळी तपासून घ्यावे. व्हॅलेंटाइन हे नाव एडवर्ड के. व्हॅलेंटाइन या अमेरिकी संसद-सदस्याचे आहे. फेब्रुवारीत या गावचा टपालशिक्का मिळावा म्हणून लोक दुरून प्रेमपत्रे पाठवतात, तो केवळ नावाचा योगायोग आहे.

दर्जाविषयी लिहिताना ‘काउंटी सीट’ म्हणजे ‘जिल्ह्याचे ठिकाण’ असे सरळ लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. कामकाज पाहिले तर हे आपल्या तालुक्याच्या गावाच्या जवळ जाते. कोर्ट, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), करआकारणी आणि जमिनीच्या दस्तांची नोंद ही कामे येथे चालतात, आणि रानातल्या पशुपालकाला कागदासाठी येथेच यावे लागते. मात्र आपला तहसीलदार सरकारने नेमलेला असतो, तर तिकडे काउंटीचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे असतो आणि शेरीफसुद्धा मते मागूनच खुर्चीवर बसतो. म्हणून ‘काउंटीचे मुख्यालय’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत कमी घोटाळ्याचा वाटतो.

‘शहर’ हा शब्दही तपासून वापरावा. नेब्रास्काच्या कायद्यानुसार ८०० पेक्षा अधिक आणि ५,००० पर्यंत लोकवस्ती असलेले ठिकाण दुसऱ्या वर्गाचे शहर होऊ शकते. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि तिथला मनुष्य स्वतःला शहरवासी म्हणवून घेणार नाही. नोंदीत एकदा ‘कायद्याने शहर’ असे सांगून पुढे ‘गाव’ हा शब्द वापरला तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर योग्य आकाराची वस्ती उभी राहते.

गावाआधी काउंटी मोजावी

चेरी काउंटीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ६,००९ चौरस मैल आहे. एका चौरस मैलाचे २.५९ चौरस किलोमीटर होतात, म्हणजे हे क्षेत्र सुमारे १५,५६० चौरस किलोमीटर भरते. कनेटिकट हे अख्खे राज्य याहून लहान आहे, अशी तुलना अमेरिकी लेखक करतात. मराठी वाचकासाठी मात्र पुणे जिल्हा पुरे. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही प्रदेश आकाराने जवळपास सारखे आहेत. पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ९४,२९,४०८ माणसे मोजली गेली. चेरी काउंटीत २०२०च्या जनगणनेत ५,४५५. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात मावतील एवढी माणसे भोरपासून जुन्नरपर्यंत आणि मावळापासून इंदापूरपर्यंत विखुरली आहेत अशी कल्पना केली की पुढच्या सगळ्या आकड्यांना माप मिळते.

क्षेत्रफळ देताना ‘एकूण’ आणि ‘जमिनीचे’ हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. चेरी काउंटीत जमीन सुमारे ५,९६० चौरस मैल आहे. उरलेले सुमारे ४९ चौरस मैल पाणी आहे. हा फरक किरकोळ म्हणून सोडून देऊ नये, कारण या मुलखाचा भूगोल त्यातूनच उलगडतो. पाऊस वर्षाला जेमतेम वीस इंच, म्हणजे पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि जमीन वाळूची. तरीही येथे एवढी तळी कशी? उत्तर भूगर्भात आहे. काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्स या गवताळ वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. वाऱ्याने रचलेल्या आणि नंतर गवताने बांधून धरलेल्या या टेकड्या काही ठिकाणी चारशे फुटांपर्यंत उंच आहेत, आणि नेब्रास्काचा चौथ्याहून अधिक भाग त्यांच्याखाली आहे. पडलेले पाणी वाळूतून झिरपून ओगलाला या अवाढव्य भूजलसाठ्याला मिळते आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात भूजलाची पातळी जमिनीच्या वर आली की तेथे तळे दिसते.

हे समजले की शेतीचा प्रश्नही सुटतो. येथे नांगर चालवला की गवताची पकड सुटते आणि वारा वाळू उडवून खड्डा पाडतो. त्यामुळे हा मुलूख कुरणांचा आणि मांसासाठी पाळलेल्या गुरांचा राहिला. एका गायीला वर्षभर पुरेल एवढे गवत मिळवायला पुष्कळ एकर लागतात, म्हणून गोठे एकमेकांपासून दूर आणि माणसे विरळ. लोकसंख्येचा परिच्छेद खरे तर या भूगोलाच्या परिच्छेदातच सुरू झालेला असतो, हे लिहिताना लक्षात ठेवावे.

गावाचे स्थान नुसत्या अक्षांशात सांगू नये

व्हॅलेंटाइन साधारण ४२.८७ अंश उत्तर अक्षांश आणि १००.५५ अंश पश्चिम रेखांश यांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,५८० फुटांवर आहे. ही माहिती एका वाक्यात उरकावी, पण तिच्यातला रेखांश सोडू नये. शंभरावा रेखांश हा अमेरिकेच्या पर्जन्यमानाचा ढोबळ विभाजक समजला जातो. त्याच्या पूर्वेला पावसावर शेती होते, पश्चिमेला तिचा भरवसा राहत नाही. आपल्याकडे घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरल्यावर काही कोसांत पीकपाणी बदलते, तशी ही रेषा नकाशावर ठळक दिसत नाही. बदल हळूहळू होतो. तरी व्हॅलेंटाइन तिच्या किंचित पश्चिमेला आहे, हे सांगितल्यावर वाचकाला बरेच काही कळते.

त्यानंतर नदी, रस्ता आणि रेल्वे हा क्रम ठेवावा. नायोब्रारा नदी गावाजवळून पूर्वेकडे वाहते. तिच्या खोऱ्यात पश्चिमेचे पाँडेरोसा पाइन, पूर्वेची पानझडी झाडे आणि हिमयुगाची आठवण म्हणून उरलेले भूर्जवृक्ष एकत्र आढळतात. नदीच्या ७६ मैलांच्या पट्ट्याला १९९१ साली राष्ट्रीय निसर्गरम्य नदीचा दर्जा मिळाला. पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग २० आणि उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग ८३ येथे भेटतात. उत्तरेला दहा मैलांच्या आत साउथ डकोटाची हद्द लागते आणि पलीकडे लाकोटा या मूळनिवासी लोकांचे रोझबड राखीव क्षेत्र आहे. दक्षिणेला नॉर्थ प्लॅट हे मोठे गाव गाठायला सुमारे १३० मैल टेकड्यांतून जावे लागते. रस्त्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक सोयीचे महत्त्व हे अंतर ठरवते, आणि म्हणून अडीच हजारांचे गाव आपल्या संख्येपेक्षा मोठे काम करते.

रेल्वे १८८०च्या दशकाच्या आरंभी आली आणि गाव तिच्यासोबत वसले. जवळच १८८० साली उभारलेली नायोब्रारा ही लष्करी छावणी १९०६ मध्ये बंद झाली आणि १९१२ पासून तो परिसर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. आज तेथे बायसन (अमेरिकी रानबैल) चरतात. रुळांचेही तेच झाले. १९९०च्या दशकात गाडी बंद पडल्यावर त्या मार्गाची सायकलवाट करण्यात आली आणि नदीवरचा पाव मैल लांबीचा, सुमारे १४८ फूट उंचीचा पूल आता चालणाऱ्यांच्या पायांखाली आहे. मेरीमन, कोडी, नेन्झेल, किल्गोर, क्रुकस्टन आणि वुड लेक ही काउंटीतली उरलेली लहान गावे नकाशावर पाहावीत. ती सगळी काउंटीच्या उत्तर भागात त्याच जुन्या रेल्वेमार्गाला धरून माळेसारखी ओवलेली आहेत, आणि दक्षिणेकडच्या प्रचंड पट्ट्यात नोंदणीकृत गाव एकही नाही.

एक तपशील सहसा निसटतो, तो घड्याळाचा. चेरी काउंटी दोन कालविभागांत विभागलेली आहे: व्हॅलेंटाइनसह पूर्वेकडचा भाग मध्य वेळेने चालतो, पश्चिमेकडचा भाग पर्वतीय वेळेने. तिकडून कोर्टात येणाऱ्याला एक तास आधी निघावे लागते, एवढे लिहिले तरी काउंटीची रुंदी वाचकाला जाणवते.

लोकसंख्येसाठी तीन रकाने आखावेत

आता मुख्य काम. कागदावर तीन रकाने आखावेत: मुख्यालय, काउंटी आणि काउंटीतून मुख्यालय वजा केल्यावर उरणारा भाग. हा तिसरा रकाना तयार स्वरूपात सहसा मिळत नाही, तो आपणच काढावा लागतो, आणि नोंदीचा खरा ऐवज त्यातच असतो.

व्हॅलेंटाइनची लोकसंख्या २००० साली २,८२०, २०१० साली २,७३७ आणि २०२० साली २,६३३ होती. चेरी काउंटीची त्याच वर्षांची लोकसंख्या ६,१४८, ५,७१३ आणि ५,४५५ होती. वजाबाकी केल्यावर तिसऱ्या रकान्यात ३,३२८, २,९७६ आणि २,८२२ हे आकडे येतात. केवळ पहिला रकाना पाहणारा लिहील की गाव ओसरत आहे, कारण वीस वर्षांत १८७ माणसे, म्हणजे सुमारे ६.६ टक्के, कमी झाली. ते खोटे नाही. परंतु त्याच काळात रानातला भाग ५०६ माणसांनी, सुमारे १५.२ टक्क्यांनी, घटला. काउंटीच्या लोकसंख्येतला मुख्यालयाचा वाटा ४५.९ टक्क्यांवरून ४८.३ टक्क्यांवर गेला. गाव लहान होत आहे आणि तरीही आपल्या काउंटीत मोठे होत आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि नोंदीत दोन्ही आली पाहिजेत.

घनतेचेही तसेच आहे. गावाची हद्द सुमारे दोन-सव्वादोन चौरस मैलांची असल्यामुळे तेथे चौरस मैलाला बाराशेच्या आसपास माणसे भरतात, तर संपूर्ण काउंटीची घनता एका चौरस मैलाला एकाहूनही कमी, म्हणजे ०.९ आहे. मुख्यालय वगळले तर उरलेल्या भागात सरासरी साडेपाच चौरस किलोमीटरमागे एक माणूस येतो. २००० साली काउंटीची घनता चौरस मैलाला एकाच्या किंचित वर होती. २०१०च्या जनगणनेत ती एकाच्या खाली गेली.

हा ‘चौरस मैलाला एक माणूस’ येथे नुसता अंकगणिताचा टप्पा नाही. अमेरिकेतल्या या भागाची मोजणी एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत झालेली आहे. असा एक चौकोन म्हणजे ६४० एकर. वसाहतीसाठीच्या आधीच्या कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळत असत, आणि वाळूच्या कुरणावर तेवढ्यात पोट भरणे अशक्य होते. म्हणून १९०४ साली मोझेस किंकेड या नेब्रास्काच्या प्रतिनिधीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि येथे प्रत्येक वसाहतकाराला नेमका एक चौकोन, ६४० एकर, देऊ करण्यात आला. लोक आले. १९२० साली चेरी काउंटीत ११,७५३ माणसे होती, म्हणजे चौकोनामागे जवळपास दोन. मग असे दिसून आले की ६४० एकरही पुरत नाहीत. ज्यांना जमले नाही त्यांनी जमिनी विकल्या आणि शेजाऱ्यांची कुरणे वाढत गेली. शंभर वर्षांनी संख्या निम्म्याहून कमी झाली आहे आणि एका कुटुंबासाठी आखलेल्या चौकोनाच्या वाट्याला सरासरी एक माणूसही येत नाही. तरुण शहराकडे गेले, असे एका वाक्याचे ठरीव कारण देऊन अशी घट उरकण्याची पद्धत मला पटत नाही. येथे जमिनीचा पोत, कायदा आणि कुरणाचा आकार ही कारणे नावानिशी सांगता येतात.

अगदी लहान गावांच्या बाबतीत टक्केवारी वापरूच नये. नेन्झेलची लोकसंख्या २०१० साली २० होती. पाच जणांचे एक कुटुंब बिऱ्हाड हलवून गेले तर ती पंचवीस टक्क्यांनी ‘घटते’. अशा ठिकाणी माणसे मोजून सांगावीत.

मराठीत उतरताना उलटणारे आकडे

स्त्री-पुरुष प्रमाणाने मला एकदा चांगलेच फसवले होते. भारतीय जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सांगतात. अमेरिकेत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष सांगण्याची रीत आहे. मी ९२ हा आकडा दहाने गुणून ९२० केला आणि ‘दर हजार पुरुषांमागे ९२० स्त्रिया’ असे लिहून मोकळा झालो. वस्तुतः त्या गावात स्त्रिया अधिक होत्या. बरोबर आकडा १,०८७ यायला हवा होता. मूळ आकड्याने एक लाखाला भागावे म्हणजे शंका राहत नाही. तीन हजारांच्या मुख्यालयात स्त्रिया अधिक आणि आसपासच्या कुरणांवर पुरुष अधिक, असेही चित्र पुष्कळदा असते. वृद्ध विधवा रानातून गावात राहायला येतात, हे त्यामागचे एक सरळ कारण आहे.

‘हाउसहोल्ड’ आणि ‘फॅमिली’ या दोहोंना मराठीत आपण सहज ‘कुटुंब’ म्हणतो. अमेरिकी जनगणनेत पहिला शब्द एका घरात राहणाऱ्या सर्वांसाठी आहे, मग तो एकटा माणूस का असेना. दुसऱ्यासाठी घरप्रमुखाशी रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे नाते असलेले कोणीतरी सोबत राहत असावे लागते. पहिल्यासाठी ‘घर’ आणि दुसऱ्यासाठी ‘कुटुंब’ असा भेद पाळला की घोटाळा होत नाही. मध्यक वयाला सरासरी वय म्हणू नये. तसेच वृद्धाश्रम आणि तुरुंग यांतली माणसे तेथेच मोजली जातात. काउंटीची अशी ठिकाणे बहुधा मुख्यालयातच असल्यामुळे गावाचे मध्यक वय त्यांच्यामुळे हलू शकते.

वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे २०२०पर्यंत दोन स्वतंत्र प्रश्न होते, म्हणून त्यांच्या टक्केवाऱ्या एकत्र करून बेरीज शंभरावर नेण्याचा प्रयत्न करू नये. २०००पासून एकाहून अधिक वंश नोंदवण्याचीही मुभा आहे. २०२४ साली हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय झाल्यामुळे पुढच्या जनगणनेचे आकडे मागच्यांशी सरळ ताडून पाहता येणार नाहीत.

टपालाच्या पत्त्यावरही विसंबू नये. कित्येक मैलांवरच्या गुरांच्या मळ्याच्या पत्त्यात ‘व्हॅलेंटाइन’ असते, परंतु तो मळा गावाच्या हद्दीत नसतो आणि त्याची माणसे २,६३३मध्ये धरलेली नसतात.

मोजणी कोणती आणि अंदाज कोणता

दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या वर्षी, १ एप्रिल ही तारीख धरून होणारी ती जनगणना. उत्पन्न, शिक्षण, दारिद्र्य यांचे आकडे मात्र वर्षभर चालणाऱ्या नमुना पाहणीतून येतात. पासष्ट हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी पाच वर्षांची पाहणी एकत्र करून आकडा देतात आणि त्याच्यासोबत चूक-मर्यादाही, म्हणजे आकडा किती खाली-वर असू शकतो तेही, छापतात. तीन हजारांच्या गावात ही मर्यादा एवढी रुंद असू शकते की या वर्षीचे उत्पन्न मागच्यापेक्षा वाढले असे म्हणण्याला अर्थ उरत नाही. तुलना करायचीच तर एकमेकांवर न येणारे पाच-पाच वर्षांचे कालखंड घ्यावेत.

२०२०च्या जनगणनेत आणखी एक नवी बाब आली. कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून लहान ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करण्यात आली आणि संपूर्ण लोकसंख्येचे बिनफेर आकडे राज्यांपुरतेच ठेवले गेले. तरी २,६३३ हा आकडा द्यायला हरकत नाही, पण नेन्झेलसारख्या गावात दोन-तीन माणसांच्या चढउताराला बातमी समजू नये.

जुन्या पानांविषयी

आकड्यांमागची माणसे पाहायची असतील तर जनगणनेची मूळ पाने उपलब्ध आहेत, मात्र बहात्तर वर्षे उलटल्यानंतर. चेरी काउंटी १८८३ साली अस्तित्वात आली, म्हणजे तिची पहिली संघीय जनगणना १८९०ची. नेमकी त्याच जनगणनेची बहुतेक पाने १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. बेरजा आधीच छापल्या गेल्यामुळे तेवढ्या वाचल्या. त्यामुळे शोध १९००च्या पानांपासून सुरू करावा आणि १९१० व १९२०ची पाने शेजारी ठेवून किंकेड कायद्याने आलेली घरे पाहावीत: नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय, घर स्वतःचे की भाड्याचे. १९५०ची पाने एप्रिल २०२२मध्ये खुली झाली, १९६०ची एप्रिल २०३२मध्ये होतील.